खारं पाणी आणि सातवा भाग

त्या खजिना शोधणाऱ्या बहाद्दराच्या इंग्रजी सिनेमाचा सातवा भाग खामगावात लागला, तेव्हा माझा लहानपणापासूनचा दोस्त पुण्याहून दोन दिवसांसाठी संग्रामपूरला आला होता. आधीचे सगळे भाग आम्ही सोबतच पाहिलेले. खरं सांगतो, सिनेमाची मला काडीची हौस नव्हती. मला एवढंच बघायचं होतं, की आमच्यात अजून काही शिल्लक आहे, की आम्हीही नुसते भाग वाढवत चाललोय.

पहिला भाग पाहिला तो बाजाराच्या दिवशी, गोणपाटाचा पडदा लावलेल्या व्हिडिओच्या खोलीत. अजूनही डोळे मिटले की ते वाळवंट दिसतं, पिवळं, हलणारं, आणि त्यात बिड्यांचा धूर तरंगत असतो. इंग्रजी आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. तहानेला हिरो कसाबसा विहिरीपाशी पोचला, ओंजळ तोंडाला लावली आणि थूऽ करून थुंकला. तर हा माझा दोस्त अंधारात ओरडला, "खारं हाय बे, पिऊ नोको!" अख्खी खोली हो हो म्हणाली. आमच्याकडे विहिरींचं पाणी खारंच, त्यामुळे दुसरं कारण कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्या पाण्यात विष होतं, हे कित्येक वर्षांनी कळलं. तोवर तो गोरा माणूस आमच्याच शिवारातला होऊन गेला होता.

पुढे पुढे त्याला तहानच लागेना. विमानातून उडी मारली तरी भांग विस्कटत नाही, मेला म्हणावं तर पुढच्या भागात हजर. जो मरणारच नाही त्याच्यासाठी आपला जीव काय डोंबल वरखाली होणार! सातव्यात तर त्याला मुद्दाम त्याच विहिरीपाशी आणला, आम्हाला जुनं आठवावं म्हणून. पण पठ्ठ्या पाण्याला हातही न लावता निघून गेला. मला असा संताप आला. शेजारी पाहिलं, तर दोस्त मोबाईल बघत होता.

परतताना मोटरसायकल मी चालवत होतो, तो मागे बसला होता. दिवस मावळत होता. सातपुडा निळा होत होत विरत चालला होता, आणि कपाशीची शेतं झोपेत दिसावीत तशी मागे सरकत होती. त्याने एकदा पाऊसपाण्याचं विचारलं, पाहुण्याने विचारावं तसं. मी नुसतं हूं म्हटलं.

गावाबाहेरच्या हापशीपाशी त्याने गाडी थांबवायला लावली. त्याची पाण्याची बाटली संपली होती. मी हापसलं, त्याने ओंजळ लावली, एक घोट घेतला आणि थूऽ करून थुंकला. इतक्या वर्षांच्या गोड पाण्याने त्याची जीभ परकी झाली होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "खारं हाय बे, पिऊ नोको."

तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं ठसका लागला, पण तो हसत होता. मग त्याने ओंजळ पुन्हा पुढे केली.

"हापस बे," तो म्हणाला. "तहान लागली मले."

मी हापसत राहिलो.