शेवंताबाईचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सभेत नाही, घरी नाही, आणि ज्या कागदांवर मी जगाचे गुन्हे छापत आलो, त्यांवर तर नाहीच.

आधी शेवंताबाईबद्दल सांगू द्या. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे गावी एका जिनिंग कारखान्यात ती कापूस निवडायची — वय माझ्या दुप्पट. कापसातला खडा, किडकी कवडी, पानाचा चुरा ती न बघता काढी. डोळे माझ्याकडे, तोंडाने थट्टा — आला कागदवाला, आता आपलं राज्य येते — आणि बोटं आपली चालूच. त्याच बोटांनी ती आमच्या युनियनच्या रात्रीच्या वर्गात सही शिकली. पहिल्यांदा हजेरीवर सही केली, तेव्हा कारकुनाने पुढे केलेलं शाईचं पॅड तिने नुसतं परत सरकवलं. मी ढिगाने पत्रकं लिहिली. त्या सरकवण्याची सर एकालाही नाही.

एका सकाळी जिनिंगच्या फाटकासमोर आमची सभा होती. मी खोक्यावर उभा राहून सांगत होतो — लाठी छातीवर झेला, पाऊल मागे घेऊ नका. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, पोलिसांची गाडी आली. गाडी आली नव्हतीच. पण सगळ्यांत आधी कोण पळालं? मी. उडी मारली, वाटेतल्या बाईला खांद्याने धडकलो आणि पुढे निघालो. ती तळहातावर पडली. शेवंताबाई.

मनगट पळीच्या दांड्यासारखं वाकलं होतं.

तासाभराने परतलो, तर बायका म्हणत होत्या की मालकाच्या माणसाने ढकललं असणार. मी ते नाकारलं का? मी पत्रकात तेच छापलं. आणि छापलं म्हणूनच तिला वर्ध्याला दवाखान्यात नेलं नाही — तिथे केसपेपर करताना विचारणार, कशा पडलात? सरकारी डॉक्टर मालकाच्याच बाजूचे, असं मी तिला पटवलं आणि केळझरकडच्या एका हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने बांबूच्या कामट्या लावून पट्टी घट्ट आवळली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "भाऊ, बोटाईत मुंग्या येऊन राह्यल्या."

मी सांगितलं, हाड जुळताना येतातच. मला काय माहीत होतं? काहीच नाही. पण ठामपणे बोलायची सवय होती. पुढच्या आठवड्यात म्हणाली, मुंग्या गेल्या, आता काहीच लागत नाही. मी म्हणालो, बघा, बरं वाटतंय.

पट्टी सुटली तेव्हा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होती. करंगळीला तेवढं कळत होतं. मग कुठे दवाखाना. मनगटात नस दबून राहिली, डॉक्टर म्हणाले. मुंग्या आल्या त्याच दिवशी पट्टी सोडायला हवी होती.

खडा आणि सरकी यांतला फरक त्या हाताला पुन्हा कळला नाही. तिने काय केलं? डाव्या हाताने निवडायला बसली. आधी मागे पडायची, बायका आपल्या ढिगातलं निवडलेलं तिच्याकडे लोटायच्या, ती परत लोटायची. वर्षाच्या आत ती त्यांच्या बरोबरीला आली. सहीसुद्धा डाव्या हाताने शिकली — मी न शिकवता.

एकदा माझं ते पत्रक तिने अक्षरं लावत लावत पूर्ण वाचलं. घडी करून माझ्या हातात दिलं. बाकीच्या बायका पाणी प्यायला उठल्यावर हळूच म्हणाली, "धक्का तुहाच होता भाऊ, मले माहीत हाये. पण पळता पळता मांगं वळून पाह्यलं तुनं. तेवढं मी धरून ठेवलं."

हो, वळून पाहिलं होतं मी.

कुणी बघितलं तर नाही ना, ते पाहायला.