अठरा जाळ्या

आमचा मशीनवाला थोर सायकलपटू होता, हे मला तो गेल्यावर चौदा महिन्यांनी नगरपालिकेकडून कळलं. तोवर माझी आपली समजूत, की तो शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस आहे आणि त्याला पायी चालायचा कंटाळा आहे.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं त्याची सायकल माझ्याच हाताखाली होती, तेव्हा सांगायचा अधिकार मला आहे. शर्यत त्यानं लांबूनसुद्धा पाहिली नव्हती. वेग असा, की शाळेच्या पोरी घंटी वाजवत पुढं निघून जायच्या आणि हा मागून ओरडायचा, "सावकाश गं बायांनो, शाळा कुठं पळून जात नाही!" पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा. हँडलला तेलाची बुदली, मागं कॅरियरवर पत्र्याची पेटी, तिच्यात बॉबिन, सुया, चामड्याचे पट्टे, चिंध्या. कुणाच्या घरी गेला की मशीनचं चाक फिरवून आधी कान लावून ऐकायचा. मग घरातल्या माणसांकडं बघून म्हणायचा, "हिला काही झालेलं नाही. तुम्ही हिला तेल न घालता राबवताय." बोलायला फटकळ, पण हात सोन्याचा. त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे आणि वर चहा द्यायचे.

त्याला वेड एकच. जाळ्या!

पुलापासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याला कडेनं गटार आहे आणि गटारावर अठरा लोखंडी जाळ्या. जाळ्यांचे गज रस्त्याच्याच दिशेनं उभे. दोन गजांमधली फट बरोबर सायकलच्या बारीक टायरएवढी. चाक आत गेलं की गेलं. आता गंमत बघा, जाळी चौकोनी आहे, चारही बाजू सारख्या. पहारीनं उचलायची, आडवी फिरवायची, परत ठेवायची. दोन माणसं, दोन मिनिटं. एवढं साधं काम.

तर त्यानं एकोणीस वर्षांत नगरपालिकेला त्रेचाळीस अर्ज केले. रेघांचा कागद, खाली कार्बन, डाव्या बाजूला समास सोडलेला. शेवटी पेन्सिलनं जाळीचं चित्र, अशी आहे आणि अशी हवी. खाली सही, 'आपला, एक सायकलस्वार', आणि कोपऱ्यात नाव-पत्ता. प्रत्येक अर्ज स्वतः नेऊन द्यायचा, पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा आणि घरी फाईलला लावायचा. उत्तर एकाचंही आलं नाही. पोस्टमन दिसला की सायकलवरून उतरून विचारायचा, "माझं काही?"

मी म्हणायचो, "अरे, तुझे अर्ज खुर्चीच्या पायाखाली लावले असतील त्यांनी."

"शिक्का मारलाय ना? मग कधीतरी वाचतील."

एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, खड्ड्यात गेले तुझे अर्ज, चल. भर सकाळी दोघांनी एक जाळी फिरवली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं आली आणि त्यांनी ती पुन्हा होती तशी करून ठेवली. एकोणीस वर्षांत ती मंडळी पहिल्यांदा वेळेवर आली असतील. मी शहाणा पहार तिथंच विसरलो होतो आणि पहारीवर रंगानं माझ्या दुकानाचं नाव. सार्वजनिक मालमत्तेशी छेडछाड केल्याबद्दल मला नोटीस आली. मशीनवाल्यानं ती हातात घेऊन दोनदा वाचली आणि अगदी मनापासून म्हणाला, "तुला तरी पत्र आलं."

आणि मग एका सकाळी सातव्या जाळीत त्याचं पुढचं चाक गेलं. तो हँडलवरून फेकला गेला, डोकं गटाराच्या दगडी काठावर आपटलं. आठ दिवस दवाखान्यात होता, नवव्या दिवशी गेला. पंचनाम्यात लिहिलं, 'सायकलस्वाराचा तोल गेल्याने.' जाळीचं नावसुद्धा नाही! तोल त्याचा नव्हता हो गेला. तीस वर्षं त्या पेटीसकट कधी गेला नाही. सायकल माझ्याकडं आणून टाकली, पुढच्या चाकाचा पार आठचा आकडा झालेला. मी ती खुंटीला अडकवून ठेवली. हात लावायची हिंमत होईना.

त्यानंतर वर्षभरात नगरपालिकेला पर्यावरणाचा पुळका आला. रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवून त्याचा सायकल मार्ग केला. पट्टा नेमका त्या अठरा जाळ्यांवरून. शेजारी सिमेंटचा कठडा, म्हणजे पूर्वी निदान बाजूनं वळसा घालता यायचा, तोही बंद. आणि पाटी, 'सायकलस्वारांनी याच मार्गाचा वापर करावा.' मशीनवाल्याची मुलगी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे, ती रोज त्याच रस्त्यानं सायकलवरून जाते. प्रत्येक जाळीला उतरायची, सायकल उचलून पलीकडं ठेवायची, पुन्हा बसायची. उशीर झाला की मात्र उतरत नसेल, हे तिच्या आईला, म्हणजे आमच्या वहिनींना, माहीत होतं. पोचल्याचा फोन येईपर्यंत वहिनी दारातून हलायच्या नाहीत.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडं बसलो असताना नामकरण विभागाचा कारकून हातात फॉर्म घेऊन आला. मार्गाला वरून सरकारकडून मदत मिळाली होती आणि अट होती की नाव स्थानिक सायकलपटूचं हवं. गावात सायकलपटू शोधून शोधून ह्यांच्या नाकी नऊ आले. शेवटी दप्तरात एक जाडजूड गठ्ठा सापडला. त्रेचाळीस कागदांवर एकच सही, एक सायकलस्वार. अर्ज वाचले नाहीत, सही वाचली.

"पदकं वगैरे असतील तर दाखवा," कारकून म्हणाला. "भाषणात लागतील."

वहिनींनी आतून तो कपड्यांचा चिमटा आणून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो उलटा सुलटा करून पाहिला आणि अदबीनं परत दिला.

"वारसाची संमती लागते. इथं सही करा."

"जाळ्या फिरवा," वहिनी म्हणाल्या, "मग करते."

"जाळ्या गटार विभागाकडं, बाई. आम्ही फक्त नावाचं बघतो."

गटार विभागाचा इंजिनिअर दुसऱ्या दिवशी आला. म्हणाला, जाळ्या नकाशाप्रमाणे आहेत. वहिनी म्हणाल्या, मग नकाशा फिरवा. तो हसला. त्याला वाटलं बाई विनोद करतायत. पंधरा दिवस हे असंच चाललं. तारीख ठरलेली, पत्रिका छापलेल्या, आणि घोडं एका सहीवर अडलेलं. शेवटी खुद्द नगरपालिकेचे अध्यक्ष आले. वहिनींच्या खुर्चीपेक्षा खालच्या स्टुलावर बसले, फोटोवाला बरोबर होताच.

वहिनींनी फॉर्म जवळ ओढला. मग म्हणाल्या, "सही करते. एकच इच्छा आहे. उद्घाटनाला ह्यांच्या सायकलवर तुम्ही स्वतः बसायचं. पुलापासून दवाखान्यापर्यंत, पट्ट्यावरून."

"अहो, हे तर माझं भाग्य!" अध्यक्षांनी लगेच फोटोवाल्याकडं पाहिलं.

वहिनींनी सही केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही माणसं दारातून बाहेर पडायची खोटी, मी म्हटलं, "वहिनी, हे काय केलंत? होती ती एक दोरी हातात, तीही सोडलीत!"

"भाऊजी, ती सायकल दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं टायर होतं तेवढंच बारीक ठेवा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

दोन दिवस लागले मला. रिम नवीन घातली, एक एक आरा ओढून चाकाचा आऊट काढला. चाक सरळ फिरायला लागलं तसं मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू? दुकान अर्धं बंद करून आत बसलो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी इंजिनिअर दुकानात आला. सायकल बघायची म्हणाला. पुढच्या टायरवर अंगठा ठेवून त्यानं रुंदी बघितली, तोच अंगठा नजरेनं कुठंतरी जाळीत घालून पाहिला असावा, कारण चेहरा पांढरा फटक पडला. अध्यक्ष जाळीत गेले तर पंचनाम्यात कुणाचा तोल गेला म्हणून लिहायचं?

"जाड टायर नाही बसणार?"

"नाही. फोर्कमध्ये मावत नाही."

मावतं. पण आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोललो आणि फार बरं वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सातला टेम्पोतून सहा माणसं आणि तीन पहारी उतरल्या. वहिनी नि मी कठड्याशी उभे होतो. ठक, उचल, फिरव, ठेव. पुढची. सातव्या जाळीशी आल्यावर वहिनी कठड्यावर खाली बसल्या. अठरावी जाळी बसली तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढं धरलं.

"पन्नास मिनिटं, भाऊजी. मध्ये हे लोक चहासुद्धा प्यायले."

समारंभ थाटात झाला. अध्यक्ष म्हणाले, अशा वीरांनी आपल्या गावाचं नाव देशाच्या नकाशावर नेलं. मग ते सायकलवर बसले, दोन माणसांनी मागून सीट धरली, आणि वीराची सायकल आडव्या गजांवरून खडखडत दवाखान्यापर्यंत गेली. टाळ्या झाल्या. मी मात्र इंजिनिअरच्या मागं उभा होतो. तो मुकादमाला हळूच सांगत होता, "सोमवारी सगळ्या परत नकाशाप्रमाणे करून टाका."

मला वाटलंच होतं. ह्यांच्या पाठीला डोळे नसतात, पण नकाशा कायम असतो.

मी लाऊडस्पीकरवाल्याकडं गेलो. त्याच्या आईची मशीन मशीनवाल्यानं आयुष्यभर चालती ठेवली होती. त्यानं एका शब्दावर जनरेटर दिला, हातगाडीही दिली. भर दुपारी, डोळ्यावर काळी काच लावून मी पहिल्या जाळीशी बसलो. प्रत्येक जाळीच्या चारही कोपऱ्यांना खालच्या लोखंडी चौकटीशी वेल्डिंगचा पक्का टाका. कुणी एका शब्दानं विचारलं नाही. माणूस एवढ्या उघडपणे काम करतोय म्हणजे सरकारीच असणार. एका पोलिसानं तर गाड्या बाजूला काढून दिल्या.

सोमवारी टेम्पो आला. पहार वाकली, जाळी हलली नाही. मुकादमानं घाम पुसला, इंजिनिअरनं आभाळाकडं पाहिलं. मी दुकानात पंक्चर काढत होतो. पाठ त्यांच्याकडं केलेली, कारण हसू आवरत नव्हतं.

त्या सोमवारनंतर बाराव्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. टेबलावर नगरपालिकेचं पत्र होतं. रस्त्याची नवी फाईल मशीनवाल्याच्या नावानं उघडली होती, आणि फाईलवर ज्याचं नाव त्याला नोटीस, अशी तिथली रीत. पत्र थेट त्यालाच आलेलं. 'आपल्या मार्गावरील अठरा जाळ्या कायमस्वरूपी आडव्या झाल्याचे निदर्शनास आले आहे. संदर्भ, आपले अर्ज क्रमांक एक ते त्रेचाळीस. सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा.'

"नालायक लेकाचे!" मी पत्र फाडायला उचललं. वहिनींनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, त्याची अर्जांची फाईल उघडली आणि त्रेचाळिसाव्या अर्जाच्या वर नीट लावलं.

"रोज पोस्टमनला विचारायचे हो," त्या म्हणाल्या. "रोज. आलं बघा त्यांना उत्तर."

आणि मग रडल्या. तो गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं बाहेर सायकलची घंटी वाजली, मुलगी घरी आली होती. वहिनींनी डोळे पुसले, फाईलची नाडी बांधली.

मी म्हटलं, "पण खुलाशाचं काय करायचं, वहिनी? सात दिवस दिलेत."

"पत्रावर पोच म्हणून शिक्का मारून द्या," त्या म्हणाल्या. "आणि म्हणावं, एकोणीस वर्षं थांबा. वाचतील हे कधीतरी."