फियाटच्या पोटातलं सोनं

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे अर्जुनरावांनी, आमच्या बाबांनी, सगळी नोकरी मोटारींच्या कंपनीच्या पेंट शॉपमध्ये काढली. रंग देण्याआधी गाड्यांचे उघडे सांगाडे गंजू नयेत म्हणून हौदात बुडवून काढायचे, हे त्यांचं खातं. त्यामुळे घरात गंजाचा विषय निघाला की आम्ही मुकाट बसून घेतो. तव्यावर डाग दिसला तरी व्याख्यान ठरलेलं.

त्यांची पांढरी फियाट ही पिंपळे गुरवच्या आमच्या सोसायटीतली सगळ्यात लाडावलेली लेक. दसऱ्याला तर तिचा थाट विचारूच नका. झेंडूचा हार, हळदकुंकू आणि पुढच्या काचेखालच्या जाळीत बाबांनी स्वतः खोवलेली मूठभर फुलं अन् आपट्याची पानं. आई, म्हणजे सासूबाई मंजुळाबाई, दरवर्षी टोमणा मारायच्या, "सोनं आधी सवतीला. उरलं तर मला."

पण त्या सवतीवाचून त्यांचंच अडायचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना रिक्षात पाय दुमडता येत नाही, आमच्या उंच गाडीत चढवत नाही. फियाटच्या सपाट सीटवर मात्र अलगद टेकता यायचं. देवळात जाणं, चिंचवडला बहिणीकडे जाणं, सगळं तिच्या जिवावर.

यंदा श्रावणात आई गेटपाशी गाडीत बसल्या, पाय टेकवला आणि रबरी मॅटसकट तो खालीच गेला. मी धावले. मॅटखालचा पत्रा पापडासारखा मोडला होता, खाली रस्ता दिसत होता. गाडी उभी होती म्हणून नुसतं खरचटण्यावर निभावलं. बाबा पांढरेफटक पडले. "हायवेला असतो तर..." एवढंच म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "स्वरूपा, भंगारात देऊन टाक. मला न्हाई बघायची."

आई ऐकतात होय! "आधी कासारवाडीला दाखवा, मग बोला."

कासारवाडीत बुद्धरत्नचं डेंटिंगचं गॅरेज आहे. माणूस नांदेडचा, बोलायला लागला की थांबत नाही. आम्ही तिघंही गेलो. त्यानं मॅट आणि कार्पेट उपटलं. बाहेरून चकचकीत रंग, आतून पत्र्याचा नुसता भुगा.

"काका, पाणी वरून यायलंय," तो म्हणाला.

बाबांनी लगेच काचेखालची जाळी काढायला लावली. पाणी वाहून जायचं भोक गच्च बुजलं होतं. त्यांनीच बोट घालून आतला बोळा ओढून काढला. काळा, ओला चिखल, आणि त्यात झेंडूची देठं, आपट्याच्या पानांच्या शिरा. आजवरचे सगळे दसरे तिथे साचले होते. गाडी धुतली की पाणी तुंबायचं आणि मॅटखाली झिरपत राहायचं.

"मीच कुजवली की," म्हणत बाबा स्टुलावर बसले. बुद्धरत्ननं बोट पुसायला त्यांच्यापुढे फडकं धरलं. बाबांकडे बघून मला रडू आलं.

आई मात्र खमक्या. "मोडली ती दारात उभी असताना मोडली. पळताना न्हाई. तुमचं सोनं पोटात घेऊन इतकी वर्षं मला वागवलं तिनं. आन तुमी तिला भंगारात घालताय?"

बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग उठून बुद्धरत्नला म्हणाले, "वरवर पुट्टी भरू नगं. सडलेलं सगळं काप, नवा पत्रा जोड." आणि काम होईस्तोवर रोज तिथे जाऊन त्याचं डोकं खाल्लं. त्या भल्या माणसानं तेही गोड मानून घेतलं.

दसऱ्याला गाडी दारात आली. बाबांनी हार बंपरला बांधला, जाळीपासून चांगला लांब. मग आपट्याची पानं घेऊन गाडीला वळसा घातला आणि ते आईंसमोर उभे राहिले.

"आधी तुला," म्हणाले. "तुझा पाय वाचला, मंजुळा. देवाचे उपकार, आन हिचे बी."

"मला आधी द्यायला पत्रा फुटंस्तवर थांबावं लागलं व्हय?" आई म्हणाल्या. पण पानं त्यांनी पदराच्या गाठीत बांधली. मग स्वतः दार उघडलं आणि नव्या पत्र्यावर आधी तोच पाय ठेवला.