वाडग्यातल्या बातम्या

चौकातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, घासायच्या चाकापाशी बसून काचांना आकार देणाऱ्या बाईला सगळा रस्ता चष्मेवाली म्हणायचा. गंमत म्हणजे तिला स्वतःला चष्मा नव्हता. "धंद्याची बदनामी आहे ही," मालक म्हणायचे. "निदान बिनकाचेची फ्रेम तरी घालत जा."

तिचा हात इतका सफाईदार, की तिने केलेला चष्मा परत आला असं कधी झालं नाही. पण हल्ली तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. परवा एका गिऱ्हाइकाची डावी काच तिने खुशाल उजवीकडे बसवली, आणि तो बिचारा पायरी समजून सपाट जमिनीवर उडी मारत घरी गेला.

कारण घरी होतं. आईने खाणं सोडलं होतं.

म्हणजे रुसवा नाही, आजारही नाही. म्हातारी वेळेवर टेबलाशी येऊन बसायची, हात मांडीवर ठेवायची आणि समोरच्या खुर्चीकडे बघत राहायची. पुढ्यातलं निवून जायचं.

"खा ना गं आई."

"त्यांचं होऊ दे आधी."

"आई, बाबांना जाऊन किती वर्षं झाली!"

"गेलेत कुठे? बसलेत की. पुढ्यात काही वाढलं नाहीस, खातील काय, कपाळ?"

"गेल्यावरही मेला थाट कमी नाही," असं चष्मेवाली हसून म्हणायची खरी, पण त्या खुर्चीवर धुतलेले कपडे टाकायचं तिने बंद केलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आईचे ओठ सारखे हलतात ना, तो अशक्तपणा, तेही त्यांनीच सांगितलं होतं.

बाबा कापडाच्या कारखान्यात मागावर होते. सकाळी त्यांना एकच गोष्ट लागायची: वाडगाभर कॉर्नफ्लेक्स आणि गार दूध. दूध पडलं की त्या पापुद्र्यांतून बारीक कुजबुज उठते. बाबा वाडग्याला कान लावायचे. "थांबा, बातम्या लागल्या!" मग गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "वाडगा म्हणतोय, एका मुलीने गृहपाठ गादीखाली सरकवलाय." कधी फाटलेला मोजा, कधी शेजारणीशी झालेलं भांडण. वाडगा कधी चुकला नाही. पोर शाळेतल्या बाईंना भ्यायची नाही इतकी त्या वाडग्याला भ्यायची. बाबा गेले आणि तिने कॉर्नफ्लेक्सचं तोंड पाहिलं नाही. किराण्याच्या दुकानात तो खोका दिसला, तरी ती दुसऱ्या बाजूने वळायची. उगाच आणखी काही बातमी फुटायची!

आणि आता तोच खोका तिच्या पिशवीत होता.

"वय काय, खाऊ काय!" मालकांनी टोमणा मारलाच.

"माझ्यासाठी नाही. घरी पाहुणे आहेत," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

सकाळी तिने रिकाम्या खुर्चीपुढे वाडगा मांडला, दुसरा आईपुढे. दूध ओतलं. कुजबुज सुरू झाली. आई ताठ बसली. तिचे ओठ हलले, आवाज मात्र नाही. चष्मेवालीने पहिल्यांदाच नीट पाहिलं. ते थरथरणं नव्हतं. ते शब्द होते.

"काय म्हणतेयस?"

"तुला नाही. त्यांना."

"मग मोठ्याने बोल ना."

"मोठ्याने बोलून काय उपयोग? मागांच्या खडखडाटात कान कधीच गेले त्यांचे. तिथे सगळे ओठांवरूनच बोलतात," आई वैतागून म्हणाली. "तुझ्या पाठीमागे उभी राहून मी सांगायची, ते वाचायचे. तू कधी मान वळवून पाहिलंस? भित्री भागूबाई!"

म्हणजे बाबांना त्या वाडग्यातलं कधी काही ऐकूच आलं नव्हतं.

"मऊ पडतायत," आई कासावीस झाली. "अजून सुरुवात नाही केली त्यांनी." हात मांडीवर तसेच.

तेव्हा चष्मेवाली उठली आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची गार होती. तिने वाडग्याला कान लावला, डोळे आईच्या ओठांवर ठेवले आणि पहिला चमचा तोंडात घातला. डोक्यात कुरकुर कुरकुर झालं, बाहेरचं सगळं बंद पडलं. चव तीच: जरा भाजकी, जरा गोड, फार काही नाही.

आईने चमचा उचलला.

आता हे रोजचंच. नळीचं नाव डॉक्टर काढत नाहीत. एक खोका दुकानातही असतो, मालक गुपचूप मूठभर लांबवतात. चष्मेवालीला ओठ वाचता येऊ लागलेत. आई मात्र तिला त्या खुर्चीत "अहो" म्हणते आणि ती ओ देते, ओठांवरची बातमी बाबांसारखीच वाडग्याच्या नावाने मोठ्याने सांगते. एकदा ती सांगायची थांबली, तर आईचा चमचा हवेतच राहिला होता. तेव्हापासून ती थांबत नाही.

परवा ओठ म्हणाले, "अहो, पोरगी किती वाळलीय. जेवलीस का म्हणून तिला विचारणारं कोणी नाही."

चष्मेवालीने घास गिळला. बातमी पोचवायला हवी होती. आईचा चमचा वाट बघत होता. भिंतीकडेची तिची स्वतःची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "वाडगा विचारतोय, पोरी, जेवलीस का?"

आई समाधानाने चावू लागली. भिंतीकडून उत्तर आलं नाही, पण दोघी थोडा वेळ तिकडेच बघत राहिल्या.