मालूमावशी पाण्यात उतरली तेव्हा

फोन बबनरावांचा होता. मावशीच्या सहलीच्या बसचे ते ड्रायव्हर. त्यांनी मला कधी फोन केल्याचं आठवत नाही, त्यामुळे नाव बघताच उचलला. "ताई, बाई अजून खाली आल्या नाय. गाडी भरली हाय, लोक खोळंबलेत. तुमच्याकडं चावी हाय ना घराची?" आपल्याच सहलीला मालूमावशी उशिरा आली असं कधी घडलंच नव्हतं. मी रिक्षा करून गंगापूर रोडवरच्या तिच्या घरी गेले. ती खुर्चीत बसली होती. साडी नेसून, पदराला पिन लावून, पायात चपला, मांडीवर पिशवी. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा, निघता निघताच गेल्या... दुपारी अमरधामात बघते तर सहलीला निघालेली अख्खी बस तिथे हजर. कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या हातात पुऱ्यांचा डबा. एका आजोबांच्या पिशवीतून गरम पाण्यात घालायची बर्म्युडा डोकावत होती. एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आमची सहल आता कोण हो नेणार?" क्षणभर मला राग आला. मग वाटलं, त्या दिवशी जे काही बोललं गेलं त्यातलं मावशीला हेच सगळ्यात आवडलं असतं.

याला आता महिना होऊन गेला. मालती हे तिचं पाळण्यातलं नाव, पण आम्हा सगळ्यांची ती मालूमावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. शाळेत भूगोल शिकवायची. लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं की म्हणायची, "वेळ मिळाला नाही." नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि एक मिनीबस ठरवून एका दिवसाच्या सहली काढायला लागली. सहल एकच, वर्षानुवर्षं तीच. सकाळी नाशिकहून त्र्यंबक, तिथून तोरंगणचा घाट, मोखाडा, जव्हार करत डोंगर बघत बघत खाली उतरायचं, दुपारी वज्रेश्वरीला देवीचं दर्शन आणि अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांत आंघोळ, आणि येताना कसारा घाटानं इगतपुरीला चहा-भजी खाऊन घरी. नाशिकमधले गुडघेदुखीवाले, कंबरदुखीवाले, सुनेशी भांडून एक दिवस बाहेर पडू बघणारे असे सगळे तिच्या बसमध्ये असत. शाळा सुटली तरी मास्तरीणपण सुटलं नव्हतं. अंजनेरी दिसायला लागली की माईक हातात घेऊन ओरडायची, "डावीकडच्यांनी डोकी मागे घ्या, उजवीकडच्यांनीही पैसे भरलेत!" आणि मग हे डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साठून कसे झाले ते सांगायची. कुणी डुलकी काढली तर त्यालाच प्रश्न. एक निवृत्त साहेब एकदा चिडून म्हणाले होते की मी इथे शिकायला आलेलो नाही. मावशी म्हणाली, "ते दिसतंच आहे."

आणि तिचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्याच सहलीत पाहिला नाही. सातपूर मागे पडलं की प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव सांगायचं आणि काय दुखतं ते सांगायचं. एकच दुखणं, सगळी यादी नको. "दुपारी सगळ्यांना एका पाण्यात बसायचंय," ती म्हणायची, "ओळख नको का आधी?" सुरुवातीला लोक बिचकत. पण एकदा कुणी टाचदुखी सांगितली की दुसऱ्याला सायटिकाचा अभिमान वाटू लागायचा, आणि त्र्यंबक यायच्या आत अनोळखी माणसं एकमेकांना तेलं आणि वैद्य सुचवत असायची. प्रत्येकाचं ऐकून झालं की मावशी फक्त म्हणायची, "बरं. पुढचे."

मी या सहलीला पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजात होते, आणि माझ्या दोन्ही हातांवर कोड उठलं होतं. आधी मनगटावर एक ठिपका आला, मग बघता बघता पांढरं कोपरापर्यंत पोचलं. घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे. आई म्हणायची "ते", फार तर "हाताचं". मे महिन्याच्या उकाड्यात मी लांब बाह्यांचे कुडते घालायचे आणि मैत्रिणींना ऊन सोसत नाही म्हणून सांगायचे. डॉक्टर झाले, मलमं झाली, मालेगावकडच्या कुणा वैद्याची तपकिरी पूड झाली. आईच्या झोपेचं खोबरं झालं होतं, कारण तिला एकच दिसत होतं, हिचं लग्न कसं होणार. कुणीतरी तिला सांगितलं की कुंडाच्या पाण्यात गंधक असतं, त्यानं "ते" जातं. झालं, आईनं मला आणि एक मोठी प्लॅस्टिकची बाटली घेऊन बहिणीची बस गाठली. मावशी तिला स्पष्ट म्हणाली होती, "ताई, गरम पाण्यानं कोड जात नसतं. पण तिला घेऊन ये. पोरीला हवा लागू दे." आईनं यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

त्या दिवशी बसमध्ये माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "वैशाली. डोकं दुखतं." मावशीनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बरं. पुढचे." घाटात सगळे दऱ्या बघत होते. मी मात्र कुंडाचाच विचार करत होते. बाह्या वर करायच्या की नाही... पाणी लागलं तर पाहिजे, आणि कुणाला दिसलं तर नको. माझं तेव्हाचं सगळं आयुष्यच या एका पेचात अडकलं होतं म्हटलं तरी चालेल.

अकलोलीला पोचल्यावर बायका एका कुंडात साडीवरच उतरल्या, पुरुष पलीकडच्या कुंडाकडे गेले. मावशी नेहमीप्रमाणे पायरीवर बॅगांच्या ढिगाशेजारी बसली. इतकी वर्षं लोकांना कुंडावर आणूनही ती स्वतः कधी पाण्यात उतरलेली नव्हती. "सामान कोण सांभाळणार?" हे तिचं ठरलेलं उत्तर. आईनं माझा हात धरून मला मागे ठेवलं. "सगळ्या बाहेर आल्या की आपण जाऊ." आम्ही भिंतीच्या सावलीत उभ्या राहिलो. मावशीच्या ते लक्षात आलं. तिथूनच ओरडली, "काय गं, तुला काय निमंत्रणपत्रिका द्यायची का? ये, बाह्या वर कर आणि उतर." आई म्हणाली, "मालू, गप्प बस." पण मी आधीच एक बाही वर केली होती. का केली, मला आजही नीट सांगता येणार नाही. मावशीचा तो वर्गातला आवाज ऐकला की माणूस आधी करायचा आणि मग विचार करायचा.

पाण्यात सिडकोतल्या एक बाई होत्या, सगळे त्यांना वहिनी म्हणत. मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक, दर हिवाळ्यात यायच्या. त्यांनी माझा हात पाहिला आणि पाण्यातच उभ्या राहिल्या. "अहो मालतीबाई, हिला कोड आहे! आधी सांगायचं नाही का? आम्ही सगळ्या आत बसलोय." दोघीतिघी पायऱ्या चढायला लागल्या. आईनं माझी बाही खाली ओढली. तिचा चेहरा असा झाला होता की मला स्वतःपेक्षा तिचंच जास्त वाईट वाटलं. मावशी उठली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. "हो, माझ्या भाचीला कोड आहे. ते कुणाला लागत नाही. तुमच्याशेजारी मी इतकी वर्षं बसले, तुमचा गुडघा लागला का मला? ज्यांना नको असेल त्यांनी खुशाल बाहेर या, राग नाही. फक्त बाहेर आलात की या बॅगा सांभाळा, कारण मी पाण्यात चालले." आणि तिनं मनगटावरचं घड्याळ काढून वहिनींच्या ओल्या हातात ठेवलं, पदर खोचला, माझ्या मनगटाला धरलं, बाही वर सारली आणि मला घेऊन पायऱ्या उतरली.

आणि पाण्यात पाय पडताच तिनं अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या कुंडातले पुरुष उठून उभे राहिले. "आई गं! अगं, हे केवढं गरम आहे!" वर्षानुवर्षं ही बाई माईकवरून सांगत आली होती, घाबरू नका, पाणी अगदी सोसवेल असं असतं, हळूहळू उतरा. स्वतः कधी बोटही बुडवलं नव्हतं! पायऱ्या चढत असलेल्या बायकाच आधी हसल्या. मग पाण्यातल्या हसल्या. एक जण म्हणाली, "बाई, हळूहळू उतरा, सोसवेल असं आहे." मावशी लालेलाल होऊन, दात आवळून खाली बसली, पण माझं मनगट काही सोडलं नाही. चढलेल्या दोघी परत आत आल्या. थोड्या वेळानं माझ्या शेजारी बसलेल्या एका आजींनी माझा हात आपल्या हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "दुखत नाही ना?" मी नाही म्हटलं. "मग चांगलंय की." वहिनी मात्र सगळ्या बसच्या बॅगांमध्ये घड्याळ धरून बसून राहिल्या. आईही बाहेरच. तिनं बाटली भरली नाही.

इगतपुरीला चहा झाल्यावर बस सुरू झाली, तेव्हा मी कुणी न सांगता उभी राहिले. माईक नव्हता, आवाज चिरकत होता. म्हणाले, "सकाळी मी खोटं सांगितलं. डोकं नाही दुखत. मला कोड आहे. तेही दुखत नाही... लोक बघतात, ते दुखतं." मावशी पुढच्या सीटवरून वळली आणि म्हणाली, "बरं. पुढचे." मला हसू फुटलं, आणि मग रडूही आलं. आई नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं असं काही धाडस केलं की सगळं आपोआप छान होतं. वहिनींनी सिडकोभर केलं, तो हिवाळा मावशीची बस अर्धी रिकामी गेली. तिनं काय करावं? फोनवर बुकिंग घेतानाच सांगायला लागली, "आमच्या सहलीत सगळ्यांना कुंडात उतरता येतं. चालणार असेल तर या." बस भरायला वेळ लागला, पण भरली. आईनं मात्र अबोला धरला. "माझ्या पोरीचं गावभर केलंस, आता कोण करणार हिला," एवढंच एकदा म्हणाली आणि कितीतरी महिने बहिणीच्या घराची पायरी चढली नाही. मला दोघींचं पटत होतं, आणि दोघींचा राग येत होता. पण त्या उन्हाळ्यात मी अर्ध्या बाह्यांचे कुडते शिवले. वाऱ्याची झुळूक हाताला लागते ही गोष्ट मी विसरूनच गेले होते.

कुंडावर यात्रेकरूंचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर असे. मावशीच्या किंकाळीच्या नेमक्या क्षणी त्यानं कॅमेरा दाबला होता, तिच्या मुठीत माझा उघडा, पांढरा हात. पुढच्या खेपेला मावशीनं तो फोटो विकत घेतला, मोठा केला आणि तिच्या बाहेरच्या खोलीत सोफ्यासमोर लावला. पुढे माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा तिनं हट्ट धरला की बघण्याचा कार्यक्रम तिच्याच घरी व्हायचा. "वेगळं काही सांगायलाच नको. पोहे खाता खाता दिसेल." काही मंडळींना दिसलं आणि त्यांचे पोहे तसेच राहिले. आईला ते प्रत्येक वेळी जिव्हारी लागायचं. तोवर दोघींचं बोलणं सुरू झालं होतं, पण आई त्या खोलीत नेहमी फोटोकडे पाठ करून बसायची. मग एक मुलगा आला, त्यानं फोटो बघितला आणि मला विचारलं, "पाणी खरंच इतकं गरम असतं का?" त्याच्याशी माझं लग्न होऊन आता बरीच वर्षं झाली. माझं कोड वाढलं, थांबलं, पुन्हा वाढलं. आता मानेवरही आहे. त्याचं मला काही वाटत नाही असं म्हणणार नाही, पण ते लपवावंसं वाटत नाही, आणि एवढ्यावर माणसाचं उत्तम चालतं. हे मला मावशीनं दिलं. देवानं, औषधानं, पाण्यानं नाही, मालूमावशीनं.

गेल्या आठवड्यात आम्ही सगळे तिचं घर आवरायला जमलो होतो. मामेभावानं तिची पुस्तकं नेली, मला तिचं कपाट मिळालं. आईला सगळे म्हणाले, तू मोठी, तिची मोत्यांची कुडी तू घे, तुमच्या आईची आहे. आई नको म्हणाली. बराच वेळ ती सोफ्यावर नुसती बसून होती, या खेपेला भिंतीकडे तोंड करून. मग म्हणाली, "मला तो द्या." रिक्षात तो फोटो तिनं मांडीवर धरला होता, कुणाला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर दारासमोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं आणि त्याच खिळ्याला तो अडकवला. वाकडा झाला होता, तो मी सरळ केला.

संध्याकाळी खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाई विरजण मागायला आल्या. दारातून सरळ तोच फोटो दिसतो. "या कोण हो?" त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघरात होते. मी नळ बंद केला. आईनं त्यांना वाटीत विरजण दिलं आणि माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात तिच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द तिनं अगदी सहज उच्चारला.

"ही माझी मुलगी. कोड आहे तिच्या हातांवर. आणि ती ओरडतेय ना, ती माझी धाकटी बहीण."