तो करपलेला क्रंबल

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, फोनवर तास तास बोलते त्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे? माहीत नाही. बसा जरा.

ऐकून हसाल. म्हणाल, एवढंच? एका गोड पदार्थाची तर गोष्ट — त्यात काय मोठं लपवायचं? मीही स्वतःला हेच सांगत आले.

आम्ही कोल्हापूरचे. यांचं शाहूपुरीत विजेच्या सामानाचं दुकान, घर तिथून चालत जाण्यासारखं. मुलाचं, अजितचं लग्न झालं आणि मेघना घरात आली. पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकलेली, इथं बँकेत नोकरी. बोलायला कमी, पण समोरच्याचं नीट ऐकून घेणारी. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. आई हातकणंगल्याला शाळेत शिक्षिका. त्या माउलीनं एकटीनं लेक वाढवली.

तर लग्नानंतर विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होत्या. कोडोलीहून आमच्या शालन वन्सं — यांची थोरली बहीण — त्याही येणार होत्या. मटणाचा बेत ठरला. तो माझ्या हातचा, त्याची काळजी नव्हती. पण गोडाला काय करावं? श्रीखंड, बासुंदी सगळेच करतात. मला काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. का? खरं सांगू — सून पुण्यात राहिलेली, तिची आई शिकलेली, आणि मी दहावीनंतर थेट चुलीपुढं. आमच्याही घरात असलं काही होतं, हे दाखवायची खुमखुमी.

मेघनानं एकदा बोलता बोलता क्रंबलचं सांगितलं होतं. खाली फळांच्या फोडी, त्यावर मैदा, लोणी आणि साखर बोटांनी चोळून केलेला रवाळ भुगा, आणि ते सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. हॉस्टेलवर मैत्रिणी मिळून करायच्या म्हणे. यांनी दुकानातून ओव्हन आणलेला होताच, त्यावर टॉवेल पडून असायचा. मी फोनवर एक-दोन व्हिडिओ बघितले आणि ठरवून टाकलं.

सकाळी मी सफरचंद चिरत होते, तेव्हा मेघना आली. "आई, मी करू का? लोणी गार असतानाच चोळावं लागतं. आणि आच कमी ठेवली की फळं शिजतात," ती म्हणाली. साधं सांगणं होतं. मला ते टोचलं. "मला येतंय की सगळं. तू जा, तयार हो. आई यायची वेळ झाली तुझी," मी म्हटलं. ती गेली. त्या दिवशी तिनं त्या ओव्हनला बोटसुद्धा लावलं नाही — हे नीट लक्षात ठेवा.

मी लोणी वितळवूनच घातलं. मैद्याचे गोळे झाले. पाहुणे आले, उशीर होतोय असं वाटून ओव्हन सगळ्यात वरच्या आकड्यावर फिरवला आणि रश्श्याकडे वळले. वास आला तेव्हा वरचा थर काळा पडला होता. काळं तेवढं सुरीनं खरवडलं, वर साखर भुरभुरली. मला वाटलं, चालून जाईल.

जेवणं छान झाली. सगळे रश्श्याचं कौतुक करत होते, मी फुलून गेले होते. मग वाट्यांमधून क्रंबल आला. शालन वन्संनी पहिला चमचा तोंडात घातला, चावला, थांबल्या. वन्संचा आवाज म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा.

"अगं बया! ह्यो काय भाजलेला भुसा घातलाईस व्हय गं वैनी? आन् आत सफरचंद कच्चंच हाय की!"

सगळे हसले. अजित हसला, हेही हसले. वाईट बुद्धीनं कुणी हसलं नाही, घरातलं हसणं होतं ते. मीही हसले असते तर तिथंच संपलं असतं — नाही का? पण विहीणबाई समोर बसल्या होत्या. माझे कान तापले. आणि तोंडातून निघून गेलं —

"मेघनानं केलंय. हौस होती तिला."

किती सहज निघालं! जणू आधीपासून तयारच होतं. मेघना पाण्याचा जग घेऊन माझ्या शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समोरचं माणूस नक्की कोण आहे हे बघावं, तसं पाहिलं. मग जग खाली ठेवून म्हणाली, "हो, जरा जास्तच भाजलं."

इथवर सांगणं सोपं होतं. पुढचं सांगायचं म्हणून तर इतकं घुटमळते आहे.

विहीणबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलेली बाई ती — माझ्याकडे आणि वन्संकडे बघून तिनं हात जोडले. "सांभाळून घ्या तिला. माझ्या नोकरीपायी तिला स्वयंपाकातलं काही शिकवायचं राहूनच गेलं. चूक माझी आहे."

आणि मी काय केलं? मी गप्प बसले नाही. गप्प बसले असते तरी बरं. मी म्हटलं, "असू द्या हो विहीणबाई. शिकेल हळूहळू. आमची काही तक्रार नाही."

मी माफ केलं त्यांना. मोठ्या मनानं! वन्सं नंतर म्हणाल्यासुद्धा, "वैनी, सासू असावी तर तुझ्यासारखी." ते मी ऐकून घेतलं.

संध्याकाळी मेघना तो ट्रे घासत होती. काळं चिकटलेलं निघता निघत नव्हतं. मी जवळ जाऊन उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा टाकू का?" ती म्हणाली, "टाका." बास. तिनं अजितला काही सांगितलं नाही. आईलाही नाही. मला ते कसं कळलं, तेच आता सांगते.

त्यानंतर काही महिन्यांनी, पेरूच्या दिवसांत, विहीणबाई एका दुपारी न कळवता आल्या. हातात स्टीलचा डबा. त्यांनी छोटा ओव्हन घेतला होता, आणि शाळा सुटल्यावर रोज क्रंबल करून बघत होत्या. कितीतरी जाळले म्हणाल्या, शेजारच्या पोरांना खायला लावले. मैद्यात थोडं ज्वारीचं पीठ, साखरेऐवजी गूळ, खाली पेरू. "जमलं एकदाचं," त्या म्हणाल्या, "आता हिला शिकवते." चेहरा असा उजळला होता, की मला बघवेना.

आणि मग माझ्याच स्वयंपाकघरात त्यांनी लेकीला क्रंबल शिकवला. लोणी गार हवं, बोटांच्या टोकांनी चोळायचं, आच कमी. मेघनाला यातलं सगळं आधीपासून येत होतं! आणि ती मान डोलवत ऐकत होती, "असं का आई?" म्हणून विचारत होती. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिनं. आईचा आनंद जपत होती, की माझी अब्रू? मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसाचा क्रंबल मी दोनदा घेतला. वन्संना फोन करून सांगितलंसुद्धा — पोरीला शिकवलं हो आईनं.

आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे प्रत्येक फळाचा क्रंबल होतो. आंब्याचा, चिक्कूचा, अंजिराचा. विहीणबाई निवृत्त झाल्या, महिन्यातले आठ-दहा दिवस इथंच असतात. आम्ही तिघी ओट्यापाशी उभ्या असतो. मी फळं चिरते, त्या भुगा करतात, मेघना ओव्हन बघते. बोलणं, हसणं चालू असतं. घरभर गुळाचा खरपूस वास सुटतो. मी सुखी आहे हो या घरात, अगदी मनापासून सांगते. सून लेकीसारखी म्हणायची पद्धत आहे. मी म्हणत नाही, कारण लेकीच्या नावावर मी ते खपवलं नसतं.

म्हणजे झालं ते चांगल्यासाठीच झालं, असं म्हणाल? मीही म्हणून पाहिलं. पण ते चांगलं त्या दोघींनी केलं. त्यात माझं काही नाही.

गेल्या रविवारी अंजिराचा केला होता. आमची नात इरा — दुसरीत आहे, प्रश्नांची नुसती खाण — तिनं विचारलं, हे आपल्याकडे कुणी पहिल्यांदा केलं? विहीणबाईंनी हौसेनं सगळी गोष्ट सांगितली. तिच्या मम्मीनं कसा जाळला, शालन आज्जी काय म्हणाल्या, आणि "मीच शिकवलं नव्हतं ना तिला, मग तिची काय चूक?" इरा पोट धरून हसली. मेघनाही हसली, चमच्यानं ट्रेच्या कडेला चिकटलेलं सोडवत.

मग इरा माझ्याकडे वळली. "आज्जी, तू ओरडली नाहीस मम्मीला?"

माझ्याआधी विहीणबाईच बोलल्या. "छे गं! एका शब्दानं बोलल्या नाहीत. म्हणून तर त्या दिवसापासून मी निर्धास्त झाले — माझी पोरगी चांगल्या घरात पडली म्हणून."

सगळे माझ्याकडे बघत होते. मेघनासुद्धा. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्या टेबलाशी बसलेल्यांतलं कुणीही मला तोडून बोललं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वाटी पुढं केली.

विहीणबाईंनी ट्रेच्या कोपऱ्यातला, सगळ्यात कुरकुरीत भाग काढून मला वाढला. मी तो खाल्ला. फार छान झाला होता.