माझ्या नावाची मूठ

देव नाही, हे मला धुळ्याच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कळलं. ऐंशीनंतरची ती वर्षं, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वरच्या वर्गातला एक मुलगा रोज दुपारी ते सिद्ध करायचा आणि त्याला चहा मी पाजायचो. संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परतेपर्यंत त्याचे सगळे मुद्दे माझे झालेले असायचे. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात. माझा खळखळाट स्टँडपासून घरापर्यंत ऐकू यायचा.

श्रावणात आमच्या खानदेशातली देवी, कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ती बसवतात, आणि तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. ते दळून पुरणाचे रोट करायचे. ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्या कुणाला तुकडासुद्धा द्यायचा नाही, आणि पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं. आमच्या घरी पाच मुठी निघत. आबांची, मोठ्या भावाची, त्याच्या दोन पोरांची आणि माझी.

आई सूप घेऊन बसली तेव्हा मी जाहीर केलं, की माझी मूठ मोजू नका, मला हे पटत नाही. पुढे काय बोलायचं ते एस.टी.त पाठ केलं होतं. आबा चिडतील, भाऊ अंगावर येईल, आई रडेल आणि मी किंचित हसून शांतपणे एकेकाला उत्तरं देईन, असा बेत होता.

आबांनी नुसती मान वर केली. "नही पटत ते नको करू. जबरदस्ती थोडीच शे," म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरू लागले.

झालं, एवढंच. आईनं गव्हात हात घातला. मी पडलो तत्त्वाचा माणूस, मोजणीला कसा थांबणार? ओट्यावर जाऊन बसलो. कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून चांगला तासभर बसलो. कुणी आलं नाही.

रविवारी सगळ्यांच्या ताटात रोट, खीर आणि कटाची आमटी. माझ्या ताटात भाकरी आणि मेथीची भाजी. मी आईकडे पाहिलं.

"रोट घरनास्ना शे रे," ती म्हणाली. "जेनी मूठ नही, तेले कसा वाढू?"

हे कॅन्टीनमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. देवी गेली तर जाऊ दे, पण तिच्यासोबत मी घरातूनही गेलो होतो, आणि तेही माझ्याच अर्जावरून.

मग रोज तेच. घरभर तुपाचा वास, आणि मी पाण्याच्या निमित्तानं तीन-तीनदा स्वयंपाकघरात. पण ताकाला जाऊन भांडं लपवलं तर ताक कोण घालणार? धाकट्या पुतण्यानं भरल्या तोंडानं विचारलं, "काका, तू पाव्हना शेस का?" मी त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन समजावून सांगितला. तो ऐकता ऐकता दुसरा रोट घेऊन बसला.

जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मी शंका घेत होतो, फक्त माझ्या शंकेवर शंका घ्यायचं सुचलं नव्हतं. ते त्या दिवसांत भाकरी चावताना सुचलं. देव आहे की नाही ते राहू दे, मी या घरातला आहे की नाही, हे मला विचारायचं होतं. विचारायची लाज वाटत होती.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पीठ उरलं. भाऊ हात जोडून पानावरून उठला, आबांचं पोट बिघडलेलं, पोरं केव्हाच लवंडलेली. आईनं शेवटचे दोन रोट केले आणि ताट माझ्यासमोर ठेवलं. तिचा चेहरा घाबरलेला होता. "खाई ले."

"माझी तर मूठच नाही ना?" मी म्हणालो. इतक्या दिवसांत सूड घ्यायची एवढीच संधी मिळाली होती.

"शे ना. हाई पीठ उरनं ते तुनाच मूठनं. मी तव्हयच टाकेल व्हती."

"मग इतके दिवस मला भाकरी का?"

"माले वाटनं, तू दोन दिनमा मांगशी."

भाऊ दाराआड हसत होता. त्याला, वहिनीला, आबांना, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या नास्तिकपणावर घरात एकाचाही विश्वास नव्हता. मला भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त आनंद झाला. दोन्ही रोट मी तुपात बुडवून खाल्ले आणि ताट बोटानं पुसून घेतलं.

पुढच्या श्रावणातही मी कानबाईला मानत नव्हतो. पण आई सूप घेऊन बसली तेव्हा ओट्यावर गेलो नाही. तिच्यासमोर मांडी घालून बसलो आणि पाचवी मूठ सुपात पडेपर्यंत उठलो नाही.